साधं गिऱ्हाईक

"आज संध्याकाळी मी गॅस पेटवणार नाही," डबा भरता भरता बायकोने जाहीर केलं. "बाहेर जेवू."

"चालेल," नवरा म्हणाला.

"पण स्वस्तात."

"चालेल."

"कुठे जायचं?"

"तू म्हणशील तिथे."

डब्याचं झाकण जरा जोरातच बसलं.

या माणसाचं नाव आईवडिलांनी बराच विचार करून ठेवलं होतं, पण चष्म्याच्या दुकानामागच्या ज्या खोलीत बसून तो भिंगं घासायचा, तिथे त्याला सगळे 'चालेल' म्हणत. पंखा बंद ठेवला, चालेल. रविवारऐवजी मंगळवारी सुट्टी घे, चालेल. चहा गार आहे, चालेल. मालक त्याला दुकानातला सर्वात गुणी माणूस म्हणत आणि पगारवाढ दुसऱ्याला देत, कारण ज्याचं न देताही चालतं त्याला देऊन वाया कशाला घालवा. बायकोच्या वहीत मात्र हाच शब्द नावे पडत होता. पडद्याचा रंग तिने ठरवायचा, घर तिने शोधायचं, पाहुण्यांना नाही तिने म्हणायचं. आणि पडदे विटले, घर गळलं, पाहुणे रुसले की तिनेच ऐकून घ्यायचं. चालेल सगळ्यांना आवडायचा. ही सगळ्यांना जरा कडक वाटायची.

स्वस्तात कुठे जेवायचं यावर तिचं एकटीचं चर्चासत्र सुरू असतानाच भाचीचा फोन आला.

"मामा, आज संध्याकाळी काय करताय? मामीला घेऊन आमच्या कॉलेजात जेवायला या ना. प्लीज."

भाची हॉटेलचं शिक्षण घेत होती. आज तिची वाढपाची प्रात्यक्षिक परीक्षा होती आणि परीक्षेला खरी गिऱ्हाइकं लागत. सूपपासून पुडिंगपर्यंत सगळं जेवण आणि पैसे नावापुरते.

"यात गोम काय आहे?" बायकोने फोन हातातून काढून घेतला. स्वस्त वस्तू उलटी करून शिवण बघायची, ही ती काम करायची त्या शिलाईच्या दुकानातली सवय.

"गोम नाही गं मामी. फक्त एक पद्धत आहे. आत येताना आमच्या बाई प्रत्येकाच्या कानात सांगतात, आज तुम्ही कसलं गिऱ्हाईक. कोणी घाईत असतं, कोणाला ऐकू कमी येतं, कोणी रुसतं. ते शेवटची घंटा होईपर्यंत वठवायचं आणि कोणाला सांगायचं नाही. मला नाही, परीक्षकांना नाही, एकमेकांनाही नाही. मग आम्ही ते कसं सांभाळतो ते परीक्षक बघतात."

"आणि तू नीट सांभाळतेस का?"

गेल्या वर्षी भाचीच्या वाट्याला तक्रारखोर गिऱ्हाईक आलं होतं. तिने त्याचं निमूट ऐकलं, पुन्हा ऐकलं आणि मग शांतपणे म्हणाली, "मग घरीच जेवायचं होतं ना." त्या एका वाक्यावर तिचं वर्ष गेलं होतं. यंदाही नापास झाली तर वडिलांनी हार्डवेअरच्या दुकानात तिची जागा तयार ठेवली होती, खिळे मोजायच्या काट्यामागे.

"ओळख दाखवू नका हं," ती म्हणाली. "मी तुम्हाला सर आणि मॅडम म्हणणार. हसलात तर मी गेले."

"चालेल," चालेल लांबूनच म्हणाला.

दाराशी बाई उभ्या होत्या. चष्मा उणे सहा, डावी काच किंचित जास्त, हे चालेलने त्यांचा चेहरा बघायच्या आधी बघून घेतलं. बाई त्याच्या कानाशी आल्या. "तुम्ही तक्रार करणारे. जे समोर येईल त्याला नाव ठेवायचं. मुळीच दया दाखवायची नाही."

"दुसरं काही मिळेल का?" हेसुद्धा चालेलला विचारता आलं नाही. तोवर बाई बायकोच्या कानाशी गेल्या होत्या. तिने ऐकलं, मान डोलावली आणि दोघं आत गेली.

खोली छान होती. पांढरे टेबलक्लॉथ, फुलदाण्या, आणि भिंतीला टेकून हातात पॅड घेतलेले परीक्षक. बाहेरून आलेले, दुभिंगी चष्मा. खालच्या भिंगाची रेघ जरा वर बसल्यामुळे प्रत्येक गोष्ट बघताना ते हनुवटी उचलत, आणि समोरच्याला वाटे, आपल्याला तुच्छ लेखतायत. शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ कानाला हात लावून ओरडत होते, पलीकडे एक बाई सारखं घड्याळ बघत होत्या. सगळे आपापलं काम इमानेइतबारे करत होते.

भाची आली. शर्टाची कॉलर तिच्या मानेपेक्षा ताठ होती.

"गुड ईव्हनिंग सर, गुड ईव्हनिंग मॅडम. सूप आणलंय."

चालेलने एक चमचा तोंडात घातला. सूप उत्तम होतं. कोपऱ्यातून बाईंचे उणे सहा त्याच्यावर रोखलेले होते.

"सूप," तो म्हणाला आणि थांबला. "सूप गरम आहे."

"सर, तोवर पाव देऊ का?"

"चा..." अर्धा शब्द त्याने गिळला. बाईंनी डोळे मिटून घेतले. भाचीचं आख्खं वर्ष आपल्या जिभेवर बसलंय, हे त्याला तेव्हा उमगलं. तक्रारच नाही केली तर तिने सांभाळायचं काय? त्याने मदतीसाठी इकडेतिकडे पाहिलं, शेवटी चमचा उचलला आणि दिव्यासमोर धरला. सवयीने, भिंग धरतो तसा.

"याच्या पोटात ओरखडा आहे," तो म्हणाला. "आडवा. पुसताना खरखरीत फडकं वापरलंय."

ओरखडा खरंच होता. भाचीने चमचा बदलला. बायको मात्र नवऱ्याकडे बघत राहिली. लग्नानंतर पहिल्यांदाच त्याने एखादी वस्तू परत पाठवली होती.

पहिली तक्रार निघायला जड गेली; पुढच्या आपोआप यायला लागल्या. टेबलक्लॉथ एका बाजूला जास्त लोंबतोय. फुलदाणी बरोबर दोन माणसांच्या मध्ये ठेवलीय, म्हणजे बोलायचं ते फुलांशी. बटाटा बाहेरून शिजलाय, आत अजून त्याचा विचार चाललाय. भाची प्रत्येक वेळी "लक्षात आणून दिल्याबद्दल आभारी आहे सर," म्हणत होती आणि आवाज कापू देत नव्हती. परीक्षक हनुवटी उचलून जवळ सरकले. चालेलच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पण पाठ खुर्चीला टेकली होती. इतका आराम त्याला सुट्टीच्या दिवशीही मिळत नसे.

मग मासा आला. त्याने घास घेतला आणि सहज म्हणून गेला, "याला मीठ नाही."

बायकोने काटा खाली ठेवला.

"काय म्हणालात?"

"मीठ नाही म्हटलं."

"तुम्हाला कळतं?"

"काय?"

"मीठ. मीठ कळतं तुम्हाला?" तिचा आवाज बारीक होता आणि म्हणूनच वाईट होता. "गेल्या उन्हाळ्यात मी आठवडाभर तुमच्या डब्यातल्या भाजीत मीठ घातलं नव्हतं. मुद्दाम. म्हटलं बघू तरी, हा माणूस कधी तोंड उघडतो. रोज संध्याकाळी विचारायचे, भाजी कशी होती? रोज सांगायचात, छान होती."

चालेल हबकला. घास गालात तसाच राहिला. आणि मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. भांडखोर बायको. बाईंनी हिच्या कानात ते सांगितलं असणार. काय वठवतेय, डोळ्यांत पाणीसुद्धा आणलंय. हिने इतकं करायचं आणि आपण मागे राहायचं, हे काही बरोबर नव्हतं. शिवाय नाटकातच बोलायचं, तर खरं बोलायला हरकत काय.

"छान म्हणालो," तो म्हणाला, "कारण मी ती खाल्लीच नव्हती."

"खाल्ली नव्हती?"

"डबा मी खात नाही. काड्यावाला खातो." काड्यावाला म्हणजे दुकानात त्याच्या शेजारच्या टेबलावर बसून फ्रेमना काड्या बसवणारा. "त्या आठवड्यात म्हणत होता, वहिनींना डॉक्टरांनी पथ्य सांगितलंय का."

आता हबकायची पाळी तिची होती. "कधीपासून खातो?"

"दुकान नव्या जागेत आलं तेव्हापासून."

"तरीच," ती म्हणाली. "तरीच तो रस्त्यात दिसला की एवढा वाकून नमस्कार करतो. मला वाटायचं, घरचं वळण." तिने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता ठेवला. "आणि भाजीला काय झालंय माझ्या?"

"रोज तीच असते."

"रोज तीच असते, कारण रोज विचारलं की म्हणता चालेल. ज्याला काहीही चालतं त्याच्यासाठी दोन भाज्या कोण करेल? मला आवडते का ती भाजी? मला तर बघवत नाही."

"मग करतेस कशाला?"

"तुम्हाला आवडते म्हणून."

कमी ऐकू येणाऱ्या गृहस्थांनी कानावरचा हात काढला होता आणि घाईतल्या बाईंनी घड्याळ बघणं सोडलं होतं. भाची ट्रे घेऊन मधोमध उभी होती. मामाचे कान लाल झाले की प्रकरण खरं असतं, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. पण परीक्षक हातभर अंतरावर होते आणि त्यांची पेन्सिल टोकावर उभी होती.

"मॅडम," ती म्हणाली, "मासा बदलून आणू का?"

"मासा राहू दे. तू मला एक सांग. हा माणूस दुपारी बाहेर जेवतो, हे तुला माहीत होतं?"

भाचीला माहीत होतं. कॉलेजची बस बदलायला ती डेपोत उतरायची, आणि मामाने तिला तिथे एकदा आमलेट खिलवून शपथ घातली होती. हो म्हणावं तर मामा बुडतो, नाही म्हणावं तर मामीला खोटं सांगितल्यासारखं होतं, आणि रडावं तर खिळे मोजावे लागतात. तिने ट्रे डाव्या हातावर घेतला.

"मॅडम, आमच्याकडे एका पाहुण्यांची गोष्ट दुसऱ्या पाहुण्यांना सांगत नाहीत. आपलीही सांगणार नाही."

परीक्षकांनी हनुवटी उचलली आणि पॅडवर बराच वेळ काहीतरी लिहिलं.

"मग दुपारी जेवता कुठे?" बायकोने नवऱ्याला विचारलं.

"डेपोच्या कँटीनला. स्वस्त आहे, आणि काका माणूस चांगला. आपलं काय असेल ते ऐकून घेतात."

बायकोचा हात टेबलावर होता तो हळूच मांडीवर गेला. "बस डेपो?"

"हो."

"बसता कुठे?"

"खिडकीपाशी. ते टेबल डुगडुगायचं. मी पायाखाली कागदाची घडी घातलीय. हिरव्या कागदाची, दुकानात भिंगं ज्यात गुंडाळून येतात त्या."

"ती घडी तुम्ही घातलीत?"

तिने हे इतक्या हळू विचारलं की नाटकातलं वाक्य इतकं हळू कोणी म्हणणार नाही, अशी शंका चालेलच्या मनात पहिल्यांदा आली.

"तुला घडी कशी माहीत?"

"बुधवारी तिथेच बसते मी."

"बुधवारी तुझा भरतकामाचा क्लास असतो."

"क्लास केव्हाच बंद पडला. शिकवणाऱ्या बाई मुलीकडे राहायला गेल्या. मग म्हटलं, आठवड्यातून एकदा तरी दुसऱ्याच्या हातचं खावं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही चालेल म्हणाला असतात, आणि ते मला ऐकवलं नसतं."

चालेलने खिशातून रुमाल काढला. कोपऱ्यात निळ्या दोऱ्याचं पान होतं. हा रुमाल बायकोने स्वतःच्या हाताने भरला, असं तो दुकानात सगळ्यांना सांगत असे. मालकाच्या बायकोलाही सांगितलं होतं.

"मग हा?"

"विकतचा," ती म्हणाली. "डेपोच्या बाहेर मिळतात."

बटाट्याला, माशाला, चमच्याला नाव ठेवणाऱ्या माणसाने रुमाल नीट घडी करून परत खिशात ठेवला. भाचीने दोघांच्या मधली फुलदाणी उचलून शेजारच्या रिकाम्या टेबलावर ठेवली आणि तिच्या जागी पुडिंग ठेवलं. एकच बशी, दोन चमचे.

"सरांची मघाची सूचना होती," ती म्हणाली. आणि घंटा झाली.

परीक्षकांनी घसा साफ केला. ते इतकी वर्षं परीक्षा घेत होते, पण इतकं अवघड टेबल कोणाच्या वाट्याला आलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. "वाढणाऱ्याने बाजू घ्यायची नाही, ऐकलेलं बोलायचं नाही आणि काम थांबवायचं नाही. या मुलीने तिन्ही गोष्टी पाळल्या. पास, आणि चांगल्या शेऱ्यासकट." मग ते चालेलकडे वळले. "तुमची तक्रार तर अगदी आतून येत होती. आणि मॅडम, तुम्ही तर कमाल केलीत. काही वेळ मलासुद्धा खरं वाटलं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भाची, जी एवढा वेळ रडली नव्हती, ती आता ट्रेमागे तोंड लपवून रडली. दाराजवळच्या बाई मात्र टाळ्या वाजवता वाजवता मध्येच थांबल्या आणि आपला चष्मा काढून पुसू लागल्या.

रस्त्यावर दिवे लागले होते. चालेल खुशीत चालत होता. भाची सुटली होती, पोट भरलं होतं आणि तेही स्वस्तात.

"काय काम केलंस गं," तो म्हणाला. "घडीचं कसं सुचलं तुला? भाचीने सांगितलं असणार. मी तर शेवटी शेवटी घाबरलोच. बाईंनी कानात नक्की काय सांगितलं होतं?"

"मला?"

"हो."

"म्हणाल्या, तुम्ही साधं गिऱ्हाईक. तुम्हाला काही करायचं नाही. निवांत जेवा."

चालेल जिथे होता तिथेच उभा राहिला. मागून येणारा सायकलवाला त्याला शिव्या देऊन पुढे गेला, तेही त्याला कळलं नाही.

"म्हणजे मीठ?"

"खरं."

"बुधवार?"

"खरा." ती दोन पावलं पुढे जाऊन वळली. "आणि तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"तक्रार करायची."

"जेवणाची?"

"जेवणाची."

"डब्याचं सांगितलं होतं?"

"नाही," तो म्हणाला. "ते माझं मीच."

कोपऱ्यापर्यंत दोघं एका फुटपाथवरून, पण दोन घरची माणसं चालावीत तशी चालली. चालेल मनातल्या मनात जमाखर्च मांडत होता. डबा, काड्यावाला, शपथ घातलेली भाची. खर्चाची बाजू भरून वाहत होती आणि जमेला एक हिरव्या कागदाची घडी तेवढी होती. आता घरी गेल्यावर काय होणार, ते त्याला दिसत होतं. काहीच होणार नव्हतं. ही पुन्हा तीच भाजी करणार, आपण पुन्हा चालेल म्हणणार, आणि आता दोघांना सगळं माहीत असणार. हे भांडणापेक्षा भयंकर होतं.

"पुडिंग चांगलं होतं," शेवटी ती म्हणाली.

चालेलने तोंड उघडलं. सवयीचा शब्द जिभेच्या टोकावर आलाच होता.

"साखर जास्त होती," तो म्हणाला.

बायकोने वळून त्याच्याकडे बघितलं. घंटा होऊन बराच वेळ झाला होता, आणि आता त्याला कोणी काही सांगितलेलं नव्हतं.

"होती खरी," ती म्हणाली. "उद्या संध्याकाळी काय करायचं?"

"डेपोत जाऊ. पण आमलेट. भाजी नको. तिथली भाजी तुझ्या भाजीहून वाईट असते."

"माहितेय," ती म्हणाली. "बुधवारी तीच असते."

दुसऱ्या दिवशी दुपारी काड्यावाल्याने नेहमीप्रमाणे हात पुढे केला तेव्हा चालेलने डबा आपल्याकडे ओढून घेतला. काड्यावाला उरलेला दिवस पोरका झाल्यासारखा बसून होता. त्याने एका फ्रेमला दोन्ही काड्या डाव्याच बसवल्या. संध्याकाळी नवरा-बायको डेपोच्या कँटीनमध्ये खिडकीपाशी समोरासमोर बसली. टेबल मुळीच हललं नाही. एकाच बशीतलं आमलेट दोघं दोन बाजूंनी संपवत होती, आणि ती काहीतरी सांगून हसत होती.

गल्ल्यामागून काकांनी हे पाहिलं आणि त्यांच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. दुपारचे हे साहेब त्यांच्या चांगल्या परिचयाचे होते. यांच्या घरी बायको आहे, रोज एकच भाजी करते, हे काकांनी कितीदा ऐकलं होतं. बुधवारच्या या बाईही परिचयाच्या होत्या. यांच्या घरी नवरा आहे, दगडासारखा, हेही त्यांनी ऐकलं होतं. दोघांची दुःखं त्यांनी वेगवेगळ्या वेळी, त्याच टेबलाशी उभं राहून ऐकून घेतली होती. आज ती दोन दुःखं एका बशीत जेवत होती.

काका दोन चहा ट्रेमध्ये घेऊन आले. थोडा वेळ घुटमळले. मग खाली वाकून, अगदी हळू आवाजात म्हणाले, "बाई, मी मध्ये पडू नये. पण तुमच्या मिस्टरांना कळलं तर?"

बायकोने समोर पाहिलं. समोरचा माणूस मीठदाणी दिव्यासमोर धरून तिची भोकं तपासत होता.

"चालेल त्यांना," ती म्हणाली. "त्यांना सगळंच चालतं."

काकांचा चेहरा पडला. ही बाई इतकी निर्ढावलेली असेल, असं त्यांना वाटलं नव्हतं. शेवटची आशा म्हणून ते साहेबांकडे वळले.

"आणि साहेब, तुमच्या बायकोला?"

चालेलने मीठदाणी खाली ठेवली.

"तिला नाही चालणार," तो म्हणाला. "म्हणून तर बरोबर घेऊन आलोय."

काकांच्या हातातला ट्रे डुगडुगायला लागला, आणि त्याच्याखाली घालायला घडी कोणाजवळच नव्हती.